दुर्मिळ फुलपाखराचा नमुना खरा की बनावट: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

दुर्मिळ म्हणून हाती आलेल्या फुलपाखराची तपासणी बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. पेटी उघडली, पंखावरचा विलक्षण ठिपका दिसला, मनात शंका आली, की कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवायचा आणि थेट ठिपक्यावर टेकवायचा. रंग निघाला तर बनावट, नाही निघाला तर खरं. हे दोन्ही निष्कर्ष चुकू शकतात. काही रंग ॲसिटोनला दाद देत नाहीत. आणि फसवणूक रंगाची नसून चिकटवलेल्या पंखाची असेल, तर ॲसिटोन तो डिंकच विरघळवून टाकतं. म्हणजे आपण स्वतःच्या हाताने पुरावा पुसतो.

माझ्या हातून हे झालेलं आहे. एक बाजू नराची आणि एक बाजू मादीची असा एक नमुना माझ्याकडे तपासायला आला होता. रंग पाहायचा म्हणून मी पंखाच्या बुडाशी अल्कोहोलचा थेंब सोडला. पाचेक मिनिटांत डावीकडचे दोन्ही पंख सैल होऊन खाली आले. सांध्याचा एकही फोटो मी आधी काढलेला नव्हता. विकणाऱ्याने सांगितलं की पंख तुम्हीच तोडलेत, आणि ते खोटं आहे हे दाखवायला माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळतो: कोरडी तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ओली तपासणी नाही, आणि टाचणी, लेबल, सांधे पाहून झाल्याशिवाय पंखाच्या नक्षीकडे बघायचं नाही.

खाली तोच क्रम दिला आहे. पायऱ्यांची अदलाबदल करू नका.

## तयारी

दहापट भिंग लागतंच. वीस ते चाळीसपट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक मिळाला तर काम निम्मं सोपं होतं. त्याशिवाय बाजूने तिरपा पाडता येईल असा छोटा दिवा, 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, मापपट्टीसह फोटो काढायची सोय, बारीक ब्रश, मऊ टोकाचा चिमटा आणि टाचणी रोवायला फोमचा तुकडा एवढं जवळ ठेवा.

पण सगळ्यात महत्त्वाची वस्तू विकत मिळत नाही. ती म्हणजे त्याच जातीचा, त्याच लिंगाचा, खात्रीच्या ठिकाणाहून आलेला साधा नमुना. तो शेजारी ठेवल्याशिवाय तपासणी सुरू करू नका. आठवणीतल्या किंवा पडद्यावरच्या चित्राशी तुलना करून काढलेला निष्कर्ष मी धरत नाही, कारण छापील आणि डिजिटल रंग हमखास बदललेले असतात.

सावध: जुन्या संग्रहांत कीड लागू नये म्हणून पारा आणि आर्सेनिकची संयुगं वापरलेली असू शकतात. हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा. अतिनील टॉर्चचा झोत डोळ्यांवर येऊ देऊ नका.

## पायरी 1: हात लावण्याआधी फोटो

नमुना पेटीत आहे तसाच असताना वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. लेबलं टाचणीवर असतानाच त्यांचा कोनातून एक फोटो घ्या, म्हणजे कोणतं लेबल वर आणि कोणतं खाली हा क्रम नोंदला जाईल. नंतर लेबलं काढावी लागली तर तोच क्रम परत लावता आला पाहिजे. पेटीच्या तळाशी पडलेले पंखांवरचे खवले, तुटलेला पाय, डिंकाचा कण असं जे काही असेल ते झटकून टाकू नका. वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर नोंद करा.

## पायरी 2: टाचणी आणि लेबल

पंख अस्सल असूनही नमुना बनावट असू शकतो, ही गोष्ट सगळ्यात जास्त निसटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये काही व्यापाऱ्यांना ‘केंटिश बक्कनिअर्स’ म्हणत. युरोपच्या मुख्य भूमीवरून मागवलेली फुलपाखरं ते केंट परगण्यात पकडली म्हणून विकत. जात खरी, पंख खरे, रंग खरे, ठिकाण तेवढं खोटं. सगळी किंमत ठिकाणालाच होती. आजही एखाद्या बेटावरची किंवा डोंगररांगेतली उपजात म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांत हाच प्रकार सापडतो.

आधी छाती भिंगाखाली धरा. टाचणीच्या शेजारी दुसरं, बुजलेलं छिद्र दिसतं का? दिसलं तर नमुना मऊ करून पुन्हा टाचलेला आहे. तो गुन्हा नव्हे, पण प्रश्न उभा राहतो: पहिली टाचणी आणि तिच्यावरचं लेबल कुठे गेलं? युरोपच्या मुख्य भूमीवरची प्रमाण टाचणी 38 मिलिमीटर लांब असते आणि पंख सपाट ताणलेले असतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत टाचणी आखूड, फुलपाखरू खाली बसवलेलं आणि पंख किंचित घसरते ठेवलेले. लेबल एका परंपरेचं आणि मांडणी दुसरीची असेल तर थांबा.

मग लेबल. ही चार गोष्टींची तपासणी:

- अतिनील टॉर्च लेबलावर पाडा. झगझगीत निळसर-पांढरा कागद म्हणजे त्यात चकाकीसाठी घातलेलं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण 1950 पासून सर्रास आलं. 1890 सालची तारीख असलेलं लेबल असं चमकलं, तर ते त्या काळचं नाही.
- ठिकाणाचं नाव त्या सालात प्रचलित होतं का? झैर हे देशाचं नाव 1971 ते 1997 एवढंच होतं. 1935 च्या लेबलावर ते असू शकत नाही.
- तारीख त्या जातीच्या उडण्याच्या हंगामात बसते का? समुद्रसपाटीपासूनची उंची पटते का?
- लेबलातलं छिद्र टाचणीला घट्ट बसतं का? एकाच लेबलाला दोन-तीन छिद्रं असतील तर ते आधी दुसऱ्या नमुन्याखाली होतं.

चूक टाळा: नवा कागद म्हणजे लगेच फसवणूक, असं धरू नका. जुनं लेबल फाटलं की संग्राहक त्याची नक्कल करतात. प्रामाणिक नक्कल असेल तर मूळ लेबल तिच्याखाली टोचलेलं असतं, किंवा ‘नक्कल’ असं तिथे लिहिलेलं असतं.

## पायरी 3: सांधे

इथे घाई करू नका. बनावट नमुन्यांतला सगळ्यात मोठा भाग हा जोडकामाचा असतो, आणि जोड बुडाशी असतो, जिकडे कुणी बघत नाही.

नमुना उलटा करून पंखाचं बूड छातीला मिळतं ती जागा बघा. खऱ्या पंखाच्या बुडाशी छोट्या कठीण चकत्या असतात, वर पुढच्या पंखाच्या मुळाशी खवल्यांचं एक टोपण असतं, आणि शिरा अखंड आत जातात. बनावट करणारा सहसा ही गुंतागुंत सोडवत बसत नाही. तो जुना पंख बुडापासून एक-दोन मिलिमीटरवर कापतो आणि उरलेल्या खुंटावर नवा पंख चिकटवतो. त्यामुळे शिरांना आडवी छेदणारी एक रेघ दिसते. ती रेघ शोधा. रेघेच्या अलीकडची शीर पलीकडच्या शिरेला नेमकी मिळते का, की केसभर सरकलेली आहे? बुडावरचे केस मोकळे आहेत, की एकमेकांना चिकटून गुच्छ झालेत?

आता पंखामागे दिवा ठेवून उजेड आरपार येऊ द्या. ठिगळ लावलेल्या जागी पंखाचे दोन थर येतात, ती जागा गडद दिसते. मागच्या पंखांना जोडलेल्या शेपट्या यात पटकन सापडतात. मिशांचं बूड आणि पोटाचा पहिला सांधाही असाच पाहून घ्या. दुसऱ्या फुलपाखराचं पोट चिकटवलेले नमुने भरपूर फिरतात, कारण वाळलेलं पोट आपोआपही तुटतं.

### अर्धा नर, अर्धी मादी

गायनँड्रोमॉर्फ म्हणजे एकाच शरीरात नर आणि मादी. असे नमुने निसर्गात खरोखर होतात आणि त्यांना प्रचंड मागणी असते, म्हणूनच त्यांच्या नकलाही सर्वाधिक. तपासताना पंख विसरा. खरा दुभागलेला नमुना पंखांपुरता दुभागलेला नसतो. पोटाच्या टोकाला जननांगंही मिश्र असतात, आणि पोट बरेचदा एका बाजूला वळलेलं असतं. निम्फॅलिडी कुळात पुढचे पाय आखूड असतात आणि त्यांच्या टोकाची रचना नरात आणि मादीत वेगळी असते. डावा आणि उजवा पाय वेगळा दिसला तर तो मोठा पुरावा. पतंग असेल तर मागच्या पंखाच्या बुडाशी असलेला, दोन पंख अडकवणारा काटा बघा: नरात एकच जाड, मादीत सहसा अनेक बारीक.

पंख दोन लिंगांचे आणि पाय, मिशा, पोट सगळं एकाच लिंगाचं, असं दिसलं की पायरी 3 पुन्हा पहिल्यापासून करा. बूड तुम्ही नीट पाहिलेलं नाही.

इथे थांबून तपासा: सांध्यांचे जवळून फोटो निघाले का? वरून, खालून आणि आरपार उजेडात? नसतील तर पुढे जाऊ नका.

## पायरी 4: नक्षी, शिरा आणि खवले

1702 मध्ये विल्यम चार्लटन याने जेम्स पेटिव्हर या लंडनच्या संग्राहकाला एक फुलपाखरू पाठवलं. दिसायला ते ब्रिमस्टोन नावाचं साधं पिवळं फुलपाखरू, पण पंखांवर काळे डाग आणि मागच्या पंखांवर निळे चंद्र. 1763 मध्ये सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्याला ‘पॅपिलिओ एक्लिप्सिस’ असं नाव दिलं आणि आपल्या ग्रंथाच्या 1767 च्या आवृत्तीत वेगळी जात म्हणून नोंदवलं. 1793 मध्ये फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने ते बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की ते साधं ब्रिमस्टोन आहे आणि डाग रंगवलेले आहेत. नव्वद वर्षं ते जाणत्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तेव्हा आपल्याला ओळखता आलं नाही म्हणून खजील व्हायचं कारण नाही, पण आता आपल्या हातात सूक्ष्मदर्शक आहे.

फुलपाखराच्या पंखावरचा रंग हा कापडावरच्या रंगासारखा पसरलेला नसतो. तो फरशीसारखा असतो. पंखावर कौलांसारखे ओळीने बसलेले खवले असतात, एकेक साधारण दशांश मिलिमीटर लांब, आणि एका खवल्याला सहसा एकच रंग असतो. त्यामुळे डागाची कड चाळीसपट मोठी करून पाहिली तर ती दातेरी दिसते: एक खवला काळा, त्याला लागून पूर्ण पिवळा, मग पुन्हा काळा. ब्रशने काढलेली कड खवल्यांची पर्वा करत नाही. ती एकाच खवल्याच्या मधून जाते, अर्धा काळा आणि अर्धा पिवळा. रंग दोन ओळींच्या फटीत साचतो, शेजारचे खवले एकमेकांना चिकटतात, आणि खवल्यावरच्या उभ्या बारीक रेषा बुजतात. असे दहा-बारा अर्धवट खवले एका कडेवर दिसले तर मला आणखी चाचणी लागत नाही.

दुसरी खूण शिरांची. नक्षी शिरांमधल्या घरांत बांधलेली असते. डोळ्यासारखे ठिपके दोन शिरांच्या बरोबर मध्ये केंद्र धरून येतात. ठिपक्याचं केंद्र शिरेवरच बसलं असेल, किंवा डाव्या आणि उजव्या पंखावर ते वेगवेगळ्या घरांत असेल, तर शंका घ्या.

चूक टाळा: विचित्र म्हणजे बनावट नव्हे. अरॅश्निया लेव्हाना या जातीची वसंतातली पिढी नारिंगी आणि उन्हाळ्यातली काळी असते, इतकी वेगळी की नवख्याला त्या दोन जाती वाटतात. पॅपिलिओ पॉलिटिसच्या माद्या अनेक रूपांत येतात. एका खऱ्या दुर्मिळ नमुन्यावर खोटेपणाचा शिक्का मारणं हे बनावट नमुना खरा मानण्याइतकंच मोठं नुकसान आहे.

## पायरी 5: कोन आणि अतिनील प्रकाश

निळा किंवा धातूसारखा चमकणारा रंग असेल तर नमुना दिव्याखाली हळूहळू कलता करा. मॉर्फो या चमकदार निळ्या फुलपाखरांचा निळा हा रंगद्रव्याचा नसून खवल्यांच्या रचनेचा असतो, म्हणून कोन बदलला की छटा बदलते आणि चमक विझते. रंगवलेला निळा सगळ्या कोनांतून एकसारखाच राहतो.

मग खोली अंधारी करून अतिनील टॉर्च. अनेक डिंक यात निळसर किंवा पिवळट चमकतात आणि सांध्याची रेघ उठून दिसते. शेजारी साधा नमुना असलाच पाहिजे, कारण काही पंख स्वतःच चमकतात: ट्रॉयडीस वंशातल्या काही जातींचे पिवळे मागचे पंख अतिनील प्रकाशात उजळतात. बुरशी आणि कापडाचे तंतूही चमकतात.

## पायरी 6: उडालेला, भाजलेला, तेलकट रंग

‘पांढरं रूप’ किंवा ‘काळं रूप’ म्हणून विकलेल्या नमुन्यांत कुणी रंग लावलेलाच नसतो, उलट काढलेला असतो. उन्हात ठेवून किंवा रसायनाने रंग उडवता येतो. याला एक साधी, सुंदर चाचणी आहे. पंख ताणताना पुढच्या पंखाची मागची कड मागच्या पंखावर येते आणि खालची पट्टी झाकली जाते. ती झाकलेली पट्टी खालून, तिरप्या उजेडात पाहा. मांडून ठेवलेल्या नमुन्याचा रंग उन्हाने उडाला असेल तर त्या पट्टीत मूळ रंग जिवंत सापडतो. रसायनाने उडवलेला असेल तर पंखाच्या कडेची झालर आणि शरीरावरचे केसही फिके पडलेले दिसतात.

कीटक मारायच्या सायनाइडच्या बाटलीत जास्त वेळ राहिलेल्या पिवळ्या कीटकांचा रंग लालसर होतो. विकणाऱ्याने ते मुद्दाम केलं असेल किंवा नसेल, पण ते नवं रूप नव्हे. हिरवे जिओमेट्रिड पतंग ओल्या डब्यात मऊ करताना पिवळट पडतात. आणि पोटातली चरबी पंखांत उतरली की पंख काळपट होतात. हा डाग बुडापासून बाहेरच्या दिशेला पसरतो, ओलसर दिसतो आणि नक्षी त्याच्याखाली झाकोळलेली असली तरी शाबूत असते. खरं काळं रूप असेल तर नक्षीच बदललेली असते.

## पायरी 7: ओली चाचणी, गरज असेल तरच

मालकाची लेखी परवानगी घ्या. चाचणी खालच्या बाजूला, कडेला, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर. ब्रशच्या टोकाने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा सूक्ष्म थेंब ठेवा आणि पांढऱ्या टिपकागदाचा कोपरा टेकवा. कागदावर रंग उतरला तर तो बाहेरून आलेला असण्याची शक्यता मोठी, पण साध्या नमुन्यावर तीच चाचणी केल्याशिवाय तसं लिहू नका.

मॉर्फोसारखा रचनेचा निळा असेल तर थेंब पडताच तो हिरवा होतो, आणि अल्कोहोल उडून गेलं की पुन्हा निळा. ते हिरवेपण अर्ध्या मिनिटासाठी डोळ्यांसमोर उमटतं आणि मावळतं, त्याचा व्हिडिओ काढा. रंगाचा निळा असं करत नाही.

सावध: घासू नका. खवले घासून निघतात आणि खऱ्या पंखाचाही ‘रंग’ कागदावर येतो. कागदावर आलेली पूड भिंगाखाली पाहा: अखंड खवले असतील तर ती रंगाची खूण नव्हे.

## पायरी 8: पोट आणि डीएनए

जात किंवा लिंगच वादात असेल तर पोट काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात मऊ करून जननांगं पाहतात. हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. डीएनए बारकोडसाठी सहसा एक पाय पुरतो. त्यात डीएनएचा 658 अक्षरांचा ठराविक तुकडा वाचून जात ओळखली जाते. मात्र पाय छातीचा आहे, पंखाचा नाही. पंख दुसऱ्याचे असतील तर पायाचा अहवाल छातीबद्दल खरं सांगेल आणि पंखाबद्दल काहीच सांगणार नाही. अशा वेळी पंखाच्या बुडाचाही वेगळा कण द्यावा लागतो. बारकोड आईकडून आलेला वारसाच दाखवतो, म्हणून संकर ओळखायला तो एकटा पुरत नाही.

## पायरी 9: जे दिसलं तेवढंच लिहा

निष्कर्षात मी चार शब्द वापरतो: अस्सल, दुरुस्त केलेला, बदललेला, ठरवता न आलेला. तुटलेली शेपटी त्याच जातीच्या शेपटीने जोडून तसं सांगितलं असेल तर नमुना दुरुस्त केलेला. तेच लपवलं असेल तर बदललेला. हेतूबद्दल अंदाज लिहू नका.

काही गोष्टी कुठल्याही भिंगाला दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झ्युरिकमध्ये स्टँडफुस आणि इंग्लंडमध्ये मेरिफील्ड यांनी कोषांना ठराविक वेळी थंडी किंवा उष्णता देऊन विलक्षण नक्षीची फुलपाखरं मिळवली. अशा पंखावर प्रत्येक खवला अस्सल असतो. संकरांचंही तसंच: बर्डविंग या मोठ्या फुलपाखरांमधलं ‘ऑर्निथॉप्टेरा अलॉटेई’ आधी वेगळी जात मानलं गेलं, पुढे ते दोन जातींचा नैसर्गिक संकर असल्याचं कळलं, आणि संकर पिंजऱ्यातही घडवता येतात. इथे फक्त नमुन्याचा प्रवास उपयोगी पडतो: कुणी, कुठे, कधी, जंगलात की पिंजऱ्यात. तो कागद नसेल तर ‘ठरवता न आलेला’ असंच लिहा, समोरचा कितीही आग्रह करो.

बर्डविंग, अपोलो, भूतानायटिस यांसारख्या नमुन्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या करारानुसार नियंत्रित आहे, आणि ऑर्निथॉप्टेरा अलेक्झांड्रे तर त्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. ‘जुन्या संग्रहातलं आहे’ या लेबलाखाली नव्याने पकडलेली फुलपाखरं खपवली जातात. पायरी 2 मधला चमकणारा कागद इथे पुन्हा कामाला येतो. परवाना क्रमांक दिला नसेल तर खरेदी करू नका.

बनावट ठरलेला नमुना फेकून देऊ नका आणि रंग धुऊन ‘साफ’ही करू नका. चार्लटनचं ते फुलपाखरू खोटं ठरल्यावर संग्रहालयातल्या अधिकाऱ्याने संतापून त्याचा चुरा केला असं सांगतात. आज ते सूक्ष्मदर्शकाखाली धरता आलं असतं तर रंग कोणता, ब्रश कसा फिरवला, हे पाहता आलं असतं. मूळ लेबलं तशीच ठेवा, त्यांच्याखाली तुमचं नाव, तारीख आणि ‘बदललेला नमुना’ असं लिहिलेलं वेगळं लेबल टोचा, आणि पायरी 1 पासूनचे सगळे फोटो त्याच क्रमांकाने जपा.